रांग अकरा, उत्तरेकडची बाजू

सातपूरहून चाळीस दिवसांसाठी गेलो होतो,
नवी प्रेस शिकायला.
त्या शहराचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
मी म्हणायचो तेव्हा गुओ हसायचा
आणि सुधारायचा नाही.

गुओ मेंटेनन्सचा. माझ्याच वयाचा.
डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं.
त्याच हातावर त्याने मला क्लबचा इतिहास सांगितला.

आधी मूठ. म्हणजे कारखाना.
भट्टीवरची माणसं पाळी सुटली की
राखेच्या पटांगणावर खेळायची.
जिंकले तर इनॅमलचा मग,
हरले तर तोच मग, झाकण नसलेला.
त्याचे वडील बचावफळीत, उजवीकडे.
पायात कंपनीचेच सेफ्टी बूट.

मग अंगठा. पगारी खेळाडू आले, तिकीट लागलं.
वडील मैदानातून उठले आणि गॅलरीत जाऊन बसले.
रांग अकरा.

पुढचं बोट: दारूवाल्यांनी नाव विकत घेतलं.
मग औषधवाल्यांनी. मग एका बिल्डरने,
त्याने लाल जर्सी निळी केली,
कुणा ज्योतिषाचं ऐकून म्हणे.
बिल्डर सांगताना गुओने अर्धं बोट पुढे केलं.
मुद्दाम का, ते मी विचारलं नाही.

एक वर्ष तर अख्खी टीमच दुसऱ्या शहरात.
आपल्याकडे तलाठ्याची बदली होते तशी,
गोलच्या जाळ्यांसकट.
बाराशे किलोमीटर.
गुओ तीनदा गेला, रेल्वेने, उभ्याने.
चौथ्यांदा बायकोने तिकीट फाडलं.

आमच्या गेटवरही तिसरी पाटी आहे,
पण कँटीनमध्ये सगळे अजून जुनंच नाव घेतात.
हे मला त्याला सांगायचं होतं.
हातवाऱ्यांत जमलं नाही.

मी पाहिलेला सामना शून्य-शून्य.
थंडी अशी की आपला जानेवारी आठवून ऊब आली.
त्याच्याकडे सूर्यफुलाच्या बिया, माझ्याकडे चिवडा.
मिरची लागून गुओच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी,
आणि पुढच्या रांगेतला म्हातारा वळून काहीतरी बोलला.
सगळे हसले, मीही हसलो.
अर्थ दुभाषी मुलीने दुसऱ्या दिवशी सांगितला:
अजून हरलो नाही आपण, आत्ताच कशाला रडतोस.

गेल्या बुधवारी मेसेज आला.
मी गंगेवर, बाजारात, गाडगे महाराज पुलाखाली,
एका हातात मेथीच्या दोन जुड्या.
फोनने केलेलं भाषांतर असं:
सरपण-पाणी अकरा महिने मिळाले नाही.
संघ विसर्जित.

सरपण-पाणी म्हणजे पगार असावा.
दुसऱ्या शब्दापाशी मात्र मी थांबलो.
पलीकडे रामकुंडाच्या पायऱ्यांवर
कोणी पांढरं फडकं सोडत होतं.
इथे हाडंही विरघळतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो.
सात नावांचं काय होतं, ते कोणी सांगितलेलं नाही.

काय लिहावं सुचेना.
लिहिलं, रांग अकरा?

रात्री फोटो आला.
त्याच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली,
एक निळी प्लास्टिकची खुर्ची, पाय नसलेली.
खरवडलेल्या कडेला खालचा लाल रंग.
वर कोबीचे दोन गड्डे ठेवलेले.

पोरगी म्हणाली, बाबा, कोबीचा फोटो काय बघताय एवढा?

मोठा करून पाहिला.
खुर्चीशेजारी वर्तमानपत्रावर बोल्ट मांडलेत,
एम-टेनचे असावेत.
तीन दिसतात.
चौथा काढताना मोडला असणार.
गंजलेला बोल्ट मोडतोच, अंधारात घाई केली की.
आधी तेल सोडायचं, रात्रभर थांबायचं.
हे त्याला माहीत नसेल असं नाही.