कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

रात्रीचं दूध उरलंय पातेल्यात,
तांब्याभर, फार तर दीड.
घोडके, मुंडे, खालचे सय्यद सर,
सगळे ‘छान आटलंय’ म्हणाले
आणि दहालाच गच्चीवरून उतरले.
बाराला लक्ष्मी विचारत फिरते म्हणे, कोण जागं?
आमच्याकडे तिला उपडे ग्लास सापडले असतील
आणि पाण्याच्या टाकीवर टेकलेला चंद्र.

आता जाड साय धरलीय,
सायीत रुतलेल्या चारोळ्या,
जायफळ पार मुरलेलं.
पाव मुजीबभाईच्या बेकरीतला, परवाचा.
ताजा असता तर दुधात विरूनच गेला असता.
भिजणं शिळ्यालाच जमतं
हे मला लग्नाच्या अकराव्या वर्षी कळतंय.

आई फोनवर, धारूरहून:
‘कामून रे उठलास एवढ्या लवकर?’
फ्रेंच टोस्ट म्हणालो नाही. दुधातला पाव करतोय, म्हणालो.
‘देवाचं दूध हाय ते. अंडं नको फोडू त्यात.’
नाही फोडत, म्हणालो,
आणि कपाच्या कडेवर
आवाज होऊ न देता फोडलं.

सीताफळं काल मंडी बाजारातून आणली.
डोंगरातून पाटी घेऊन आलेली बाई म्हणाली,
‘डोळे उघडलेलं घ्या, भाऊ.
मिटलेलं अजून दोन दिस झोपतंय.’
गर काढता काढता सात वाजले. बियांनी बशी भरली.
हा गर तव्यावर टाकायचा नाही, कडवट होतो.
वरून घालायचा, पाव निवल्यावर.

बाहेर ऊन आत्ताच चढलंय,
कुठल्या तरी मळणीयंत्राचा भुसा
थेट ओट्यापर्यंत. खिडकी लावली.
पहिला पाव करपला, तो माझा.
मग एकाला रंग आला
खळ्यावरच्या सोयाबीनसारखा,
आणि तुपाच्या वासाने मांजर दारात.

साडेआठला स्कूटी.
प्रणिताच्या पांढऱ्या बुटावर बेटाडिनचा डाग.
‘किती?’
‘पाच. तीन पोरी. एकीचं नाव
मावशींनी तिथंच ठेवून टाकलं, पुनव.’
‘चंद्र दिसला का?’
‘आमची खिडकी जनरेटरकडे उघडते.’

हात धुऊन ती बसली. दोन घास खाल्ले.
‘अंडं आहे यात?’
‘आहे.’
‘बरं केलंस. आईंना नको सांगू.’
तिसरा घास तोंडात, आणि डोळे मिटले,
ताट मांडीवर तसंच.
गालात काहीतरी टोचत असावं,
एक बी माझ्या नजरेतून सुटलेली.
उठवावं की राहू द्यावं,
मी गॅस बारीक करून उभा.