पान सात, खालचा कोपरा

पोतीच्या बंदरावर वारा पेपर उलटू देत नाही.
बाबांनी गाडीच्या बॉनेटवर चार कोपऱ्यांना चार नट ठेवले
आणि पान सात उघडलं.
टायरच्या जाहिरातीच्या डोक्यावर
मी होते.
म्हणजे माझं नाव होतं, एतेरी शोनिया,
तिरपं, मुंगीएवढं,
पण स्वतःच्या पायांवर उभं.

बाबा क्रेन चालवतात.
एकतीस वर्षं दुसऱ्यांचं सामान
या काठावरून त्या जहाजात.
ते पुस्तकाबद्दल काही बोलले नाहीत.
‘शाई लागते का हाताला?’ एवढंच विचारलं
आणि माझ्या नावावरून बोट फिरवून पाहिलं.
लागली.
दुपारी जेवताना ते बोट त्यांनी
भाकरीपासून जरा लांब धरलं होतं.

संध्याकाळी टेबलाला टेबल जोडून वीस माणसं.
मावशीची खाचापुरी, शेजाऱ्यांच्या उसन्या खुर्च्या,
आणि बसल्या जागेवरून उठत, बसत, पुन्हा उठत
जुंबेरमामा.
पहिला प्याला देवासाठी,
दुसरा गेलेल्यांसाठी,
तिसरा वर्तमानपत्रासाठी,
चौथा संपादकासाठी, ज्याला कुणीच पाहिलेलं नाही.
पाचवा हातात घेऊन मामा थबकले:
‘पुस्तक कसलं होतं गं?’

तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

बारीकसं, पदरमोड करून छापलेलं.
बंदराच्या वेधशाळेत जन्मभर
वाऱ्याची नोंद ठेवणाऱ्या ओतार गाबेलियाच्या गोष्टी.
मी एकशे ऐंशी शब्द लिहिले.
छापून आले एकशे सव्वीस. तीनदा मोजलेत.
ऐनवेळी टायर आले, आणि टायर आले की
लेख खालून कापतात, दूर्वा खुडाव्यात तसा नाही,
शेपटी तोडावी तसा.
उरलं ते असं:
‘गोष्टी संथ आहेत. होड्या फार, माणसं कमी. पण.’

पुढे पूर्णविराम. तो माझा नाही.
त्या एका ‘पण’वर मी सगळं पणाला लावलं होतं.
माझं खरं म्हणणं त्याच्या पलीकडे होतं,
चोपन्न शब्दांत,
आणि ते आता छापखान्याच्या फरशीवर
कुणाच्या तरी झाडूची वाट बघत असणार.

हे मी मामांना सांगितलं नाही.
म्हटलं, गोष्टींचं होतं.
‘गोष्टींसाठी!’ वीस पेले वर गेले.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात टोपी हातात घेतलेला म्हातारा,
पिशवीत सहा तेंदूफळं,
कोटाच्या खिशातून पान सात डोकावणारं.
कुणी सांगायची गरज नव्हती.
मावशीने उगीच एक खुर्ची सरकवली.
माझे कान इतके तापले
की वाटलं, सगळ्यांना दिसत असतील.
म्हातारा आत आला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला,
‘एकच विचारायला आलोय.
पण काय?’

माझी वाक्यं मला आठवेनात.
घासूनपुसून ठेवलेली, नेमकी, एकही नाही.
मी म्हटलं, पान ब्याण्णव.
धुकं उतरलंय हे बायकोला सांगायला तो माणूस जातो,
ती झोपलेली असते,
आणि तो उठवत नाही. दिवा धरून उभा राहतो.
ते वाचताना माझा स्टॉप गेला.
परत येताना, दुसऱ्या गाडीत,
पुन्हा गेला.

म्हाताऱ्याने टोपी घातली. मग काढली.
‘दिवा विझलेला होता,’ तो म्हणाला,
‘लिहायचं राहिलं.’

मग तो बसला. बाबांच्या शेजारी.
बाबांनी त्याला प्याला दिला, ते बोट अजून काळंच.
मामा सहाव्यासाठी शब्द शोधत राहिले,
त्यांना ते पहिल्यांदाच सापडत नव्हते.
तोवर म्हाताऱ्याने चष्मा लावला, पेपर उलगडला,
माझ्या एकशे सव्वीस शब्दांवरून सावकाश खाली उतरला
आणि टायरची जाहिरात वाचली,
अख्खी, किमतीसकट.
‘महाग आहेत,’ म्हणाला.