रकाना क्रमांक सात

अबू शगाऱ्यात माझं टायपिंगचं दुकान.
भिंतीवर अजून पाण्याची रेघ, माझ्या कमरेएवढी.
दोनदा रंग मारला. रेघ वर येते.

इस्माईल परकार चपला दाराशी काढतो,
मग त्याला आठवतं, पाय दिसतील;
परत घालून खुर्चीत बसतो.
बोटांच्या बेचक्यांत पांढरी, सोललेली कातडी,
आणि खोकला असा
की जिना चढणाऱ्यानं थांबून कठडा धरावा.

नऊ दिवस होता तो त्या पाण्यात:
गटार, डिझेल, बॅटऱ्यांचं आम्ल,
कुणाच्या तरी बरणीतलं लोणचं, फुगलेली मांजरं.
अर्ज मदतनिधीचा आहे,
मदतकार्यात आजारी पडलेल्यांसाठी.
मी वाचत जाते, तो मान हलवतो.

गाव: बाणकोट.
काम: ड्रेजरवर पंप ऑपरेटर.
औषधं: एकशे ऐंशी दिरहम, दर पंधरवड्याला.
पगार कापला: एकवीस दिवसांचा.
कंपनी म्हणते, तेव्हा तू रजेवर होतास,
लोकांच्या तळघरांत पंप ओढायला
तुला सांगितलं कुणी?

रकाना सातही तेच विचारतो, जरा अदबीनं:
कोणत्या संस्थेने पाठवले?

"लिव, कुनी नाय धाडलं."
तसं चालत नाही, इस्माईलभाई.
रिकामा ठेवला तर पान पुढं सरकत नाही,
लाल चांदणी लुकलुकत राहते.
तो छताकडे बघतो बराच वेळ.
"मग लिव, तिसऱ्या माळ्यावरनं हाक आली."

हाक.
अरबीत काय घालू?
मला येतो तो शब्द 'निदा'. पण त्यात
सरकारी आवाहन बसतं, विमानतळावरची घोषणाही बसते;
मानेची ताणलेली शीर बसत नाही.
तोच घातला.

चौथ्या दिवशी अर्ज परत:
हाक मारणाऱ्याचे ओळखपत्र
व राहत्या घराचा पुरावा जोडावा.

ती हाक माझी होती.

शेजारच्या पलंगावर लिसम्मा,
वीज गेल्यापासून तिचं दम्याचं यंत्र मुकं,
ओठ जांभळाच्या रंगावर आलेले.
मी खिडकीतून ओरडले, तेही मराठीत
(घाबरल्यावर दुसऱ्या भाषा पळून जातात):
अहो, कुणीतरी या हो!
खाली छातीभर पाण्यात एक माणूस थांबला.
वर बघून म्हणाला, "खयची गो तू?"
महाडची, म्हटलं.
"मंग तुला पूर काय नवा?"
आणि दार उखडलेला एक उताणा फ्रीज ढकलत आणला त्यानं,
त्यात लिसम्माला बसवलं, मांडीवर तिची उशी,
आणि दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेलं,
भाजीची पाटी न्यावी तसं, न हिंदकळता.

हे सगळं ठाऊक असून
अर्जात त्यानं माझं नाव सांगितलं नव्हतं.
कारण तिसऱ्या मजल्यावरची ती खोली
प्लायवूड ठोकून आठ जणींत वाटलेली आहे.
करारावर नाव एकीचंच, तीही कधीच मायदेशी गेली.
पुरावा दिला तर आठही बोचकी रस्त्यावर.

"जाऊ दे," तो म्हणाला. "पाय काय, सुकतील."
आणि खोकला आला, त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

मी माझं कार्ड स्कॅनरवर उपडं ठेवलं.
हिरवा उजेड माझ्या नावाखालून सरकत गेला.
घराच्या पुराव्याला दुकानाचं वीजबिल जोडलं.
फार खोटं नाही ते;
पाणी ओसरल्यावर दहा रात्री मी इथंच झोपले होते,
ओल्या कागदांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून.

त्यानं पंधरा दिरहम मोजून काउंटरवर ठेवले.
मी मागं सारले. त्यानं पुढं सारले.
"घे. आनि पावती दे," म्हणाला,
"पावती असली का पैशे परत देतात म्हनं."

पावती केली. तपशिलात लिहिलं: टंकलेखन, एक पान.
त्यानं ती घडी घालून
गोळ्यांच्या पाकिटात ठेवली.