इतर

यास्ना आठ दिवस राहून गेली
आणि जाता जाता माझा टॅब आवरून गेली.
"आई, हा टॅब आहे की आठवडी बाजार?" म्हणाली,
आणि एका चौकोनावर बोट दाबून धरलं तिनं.
तशी सगळीच चिन्हं थरथरायला लागली,
रात्री खुराड्यात हात घातल्यावर
कोंबड्या थरथरतात तशी,
आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात उगवली एक बारीक फुली.

मग तिनं कप्पे केले.
काम. पैसे. घर. तब्येत.
पुंता आरेनासच्या तिच्या ऑफिसात म्हणे
असंच असतं सगळ्यांचं,
चार बोटं फिरवली की दिवस मार्गी लागतो.
उरलंसुरलं एका कप्प्यात लोटून
वर नाव दिलं: इतर.

सोमवारी पहाटे शेगडीत लाकूड सरकवलं, किटली ठेवली,
आणि ओहोटी सापडेना.
कामात बघितली. नाही.
घरात बघितली. नाही.
तिचं तरी काय चुकलं म्हणा,
ओहोटी हे काम की घर
हे मलाच कुठं सांगता येतं?
पाणी मागं सरलं की या बेटावरच्या आम्ही सगळ्या
गुडघाभर चिखलात, शिंपल्या वेचत,
आणि चुली गार, आणि पोरं शेजारी.
शेवटी ती सापडली तब्येतीत,
रक्तदाबाच्या खाली,
भरणं-ओसरणं बघून ठेवली असावी.

तेवढ्यात फिलोमेनाचा फोन,
नऊ पोती, दोन ओली, भाव काय धरायचा.
ती तिकडे वाऱ्यात उभी
आणि मी इकडे कॅल्क्युलेटर धुंडाळतेय!
बावीस वर्षं या संस्थेच्या वह्या लिहिल्या,
एकदाही बेरीज शोधावी लागली नव्हती.
हातावर लिहून घेतलं आकडे, पेननं,
तब्येत, पैसे, घर सगळं एकाच तळहातावर.

दुपारी टॅब पुसायला घेतला,
बंद करून खिडकीकडे तिरका धरला
आणि उजेडात काचेवर माझाच माग दिसला:
भरतीचं अ‍ॅप होतं तिथं पिठाचा डाग,
कॅल्क्युलेटरवर ठसे एकावर एक,
हवामानावर जरा कमी,
हवामान मला गुडघ्यातूनच कळतं.

आणि डावीकडे, अगदी खाली,
एक जाडसर अंगठा. लसणाचा. माझा नव्हे.

तिथं बोटींचं अ‍ॅप होतं.
आमची बोट विकली त्याला तीन वर्षं झाली,
काल्बुकोच्या लोकांनी घेतली, रंग बदलला,
नाव तेवढं बदललं नाही, ते अपशकुनी असतं.
नकाशावर अजून फिरते ती, हिरवा ठिपका होऊन.
बाल्दोमेरो रोज सकाळी विचारतो,
"एदेल्मिरा, ओहोटी किती वाजता?"
आणि टॅब घेऊन दाराशी जातो, तिथं उजेड बरा म्हणून.
चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस.
त्याला ओहोटी विचारावी लागते,
हे माझ्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

आज त्यानं विचारलं नाही.
टॅब उचलला, डावीकडे खाली अंगठा टेकवला,
तिथं बँक उघडली.
"पोरीनं छान लावलंय," म्हणाला, आणि लाकडं फोडायला गेला.
फोडलेली फोडत होता बराच वेळ.

मग बसले मी. बोट दाबून धरलं.
पुन्हा ती थरथर, पुन्हा त्या फुल्या.
ओहोटी ओढून आणली तळाच्या ओळीत,
शेजारी कॅल्क्युलेटर, त्याच्या शेजारी फोन,
बँक आत ढकलली, ती काही पळून जात नाही,
आणि इतर मधून बोट काढली, सांभाळून,
डावीकडे खाली नांगरून ठेवली.

बाकी कप्पे तसेच ठेवलेत.
यास्नानं फोनवर विचारलं तर म्हणेन,
हो गं, फार सोपं झालं.

पीठ मळता मळता एकदा मीही बघितलं:
ठिपका क्विंचाओच्या खाडीपाशी, संथ,
वाऱ्याच्या आडोशाला.
नवा मालक काही अगदीच अडाणी नाही.