बोलावणं

देवगडच्या एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला
मी पंखा लावत नाही. रॅकची घरघर पुरते.
साडेदहाला दर उतरतो
तसा गाव इंटरनेटला बसतो:
साटमांचा पोर निकालाला,
हमीदा मुकादम नवऱ्याच्या मेलला
(त्याचं जहाज सुएझच्या रांगेत, अकरा दिवस),
आणि तारामुंबरीचा कोणीतरी,
नंबर पाठ झालाय, माणूस माहीत नाही,
रोज तीन तास.

मोडेम किंचाळलं की ट्रंकचा एक धागा जातो,
पहाटेपर्यंत हाती येत नाही.
कणकवलीकडे तीसच धागे.
मार्चात एका रात्री तिसावाही गेला,
आणि वाड्यातून कोणी डॉक्टरला लावत होतं, लावत होतं.
"या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत."
ती बाईची टेप मीच चढवली होती,
आवाज गोड आहे म्हणून.

मग रत्नागिरीहून खोका आला, एसटीच्या पार्सलने,
वर आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या.
नेवरेकर साहेब म्हणाले,
आता बोलणं वेगळं आणि बोलावणं वेगळं.
बोलावणं पाकिटात घालून आयपीवरून धाडायचं,
तिकडचा कंट्रोलर नंबर वाचून ठरवील,
हा माणसाकडे निघालाय की मशीनकडे.
मशीनकडचा असला तर स्विचचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही,
अंगणातूनच वळवायचा अॅक्सेस सर्व्हरला.
समजलं?

ते चित्र काढायला पेन शोधत होते.
मला मिठमुंबरीची खाडी दिसत होती.
पलीकडून कोणी ओरडायचं, ओऽऽ तरीऽऽ,
बाबा आत जेवत असले तरी घास तसाच धरून
ओरडायचे, येतंऽऽय!
होडी अजून चिखलात,
वल्ही पडवीत,
पण पलीकडचा माणूस खाली बसून विडी पेटवायचा.
त्याचं काम झालेलं असायचं.
"आधी हाक जाता रे," बाबा म्हणायचे,
"होडी काय, मागसून जाता."

लिंकला दोन वाटा दिल्या आम्ही.
एक फायबर, नांदगाव रस्त्याच्या कडेने,
दुसरी टॉवरवरून, हवेतली.
दर तीस सेकंदांनी ही टोकाला विचारते, आहेस?
ते म्हणतं, आहे.
मे महिन्यात जेसीबीने फायबर तोडली,
हाक मुकाट्याने टॉवरवर चढली,
हमीदाचं पत्र मधेच तुटलं नाही.
हे तिला कधी कळणार नाही.
आमच्या कामात चांगलं झालेलं कोणाला कळत नाही.

पूल झाला, तर बंद झाली.
बाबांना कोणी येऊन सांगितलं नाही,
हाका फक्त कमी होत गेल्या.
ते धक्क्यावर बसायचे तरी, कान तिकडे करून.
गेल्या श्रावणात वाडीतले म्हणाले,
म्हाताऱ्याक बोलावणा इला.
इला असात.
आणि भात तोंडात असतानाच
तो 'येतंय' म्हणाला असणार,
मी ओळखतो ना.

कॉल संपवायचीही रीत आहे.
एका टोकाने म्हणायचं, सोडलं.
दुसऱ्याने म्हणायचं, सुटलं.
तोवर सर्किट मोकळं धरत नाहीत,
परत परत विचारतात, घड्याळ लावून.

होडी अजून माडाला बांधलेली आहे.
भाऊ म्हणतो, विकून टाक, नाहीतर कुजेल.
दोनदा गेलो, गाठीला हात लावून आलो.
सोडलं, मी म्हणेन.
पलीकडे पेट्रोल पंप झालाय.

दोन वाजून दहा. लॉगमध्ये आहे, आहे, आहे.
तारामुंबरीवाला अजून लाइनवर.
पण आता तो अंगणातून जातो,
तीसपैकी एकोणतीस धागे रिकामे पडलेत.
वाड्यातून कोणी लावलं
तर लगेच लागेल.