गिलकं

आमच्या घरात गिलकं येत नाही.
फिरके काकूंच्या तारेवर वेल चढतो,
पिवळी फुलं आमच्या अंगणात डोकावतात,
आणि काकू आठवड्याला एकदा तरी विचारतात,
"नेता का दोन?"
मी म्हणतो, "नको काकू, आम्ही खात नाही."

आम्ही.
या आम्हीत गार्गी कधी आली कळलंच नाही.
सव्वातीन वर्षांची आहे.

परवा हर्षलाने हट्टाने भाजी केली,
लसूण, दाण्याचा कूट, मिरची अगदी नावाला.
तिच्या माहेरी, दोंडाईच्याला,
गिलक्याची भजी तळतात
आणि शेवटच्या भज्यावरून भावंडं भांडतात.
गार्गीने वाटी सरकवली
करंगळीने.
बाकीची चार बोटं वर,
वाटीत विंचू बसलाय जणू.
आणि नाक मुरडलं, तेही डावीकडूनच.
"आम्ही खात नाही."

हर्षला माझ्याकडे बघत राहिली.
मी भाकरीकडे.

कळण्याची भाकरी मात्र मागून खाते पोरगी.
कांदा बुक्कीने फोडायला बघते,
बुक्की एवढीशी,
कांदा घरंगळत फ्रिजखाली.
हेही मी शिकवलेलं नाही.

रात्री सावद्याला फोन लावला.
"आई, मला गिलकं का आवडत नाही गं?"
"आवडत नही कशावरून?
तू खाल्लं कधी?
तुह्या बापाले चालत नव्हतं,
मंग मी चुलीवर चढवलंच नही."

छत्तीस वर्षं.
फोटोतलं दादांचं नाक सरळ आहे,
पण ताटावर बसले की ते डावीकडे जायचं.
त्यांचं कोणाकडे बघून गेलं असेल,
हे सांगणारं आता कोणी उरलं नाही.

रविवारी मीच तारेपाशी गेलो.
"काकू, दोन द्या."
दुपारच्या भारनियमनात अवचित पंखा फिरावा
तशा त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

जेवायला गार्गी समोर बसली.
ताटाकडे नाही,
माझ्या नाकाकडे बघत होती.
मी ते आतून घट्ट धरून ठेवलं.
मऊ लागलं. किंचित गोड. पाणी फार.
आवडलं असं खोटं सांगणार नाही,
पण छत्तीस वर्षं लांब राहावं
असंही त्यात काही नव्हतं.

"कसं लागतं?"
"थांब, अजून एक घास खाऊन सांगतो."

तिने माझ्या ताटातली एक फोड उचलली,
उजेडाकडे धरली,
ताटाच्या काठावर नीट बसवली
आणि दिली एक बुक्की.

माझ्या शर्टावर, भिंतीवर, हर्षलाच्या हसण्यावर
हिरवा शिंतोडा.

मग कोणी बघत नाहीये असं समजून
तिने मूठ चाटली.