वेलांटी

पुस्तकाचं नाव विसरलो.
रामबागेतल्या वाचनालयाचं, खाकी पुठ्ठ्यात शिवलेलं,
पाठीवर नुसता आकडा, तेराशे बेचाळीस.
गोष्टही बेताचीच. तो पत्रं लिहितो,
ती जिन्यात वाट पाहते, दोनशे पानांनी लग्न.
पण माझ्याआधी कोणीतरी
अख्खं पुस्तक पेन्सिलीनं दुरुस्त केलं होतं.
जिथं जिथं 'तो', तिथं मात्रा खोडून
एक बारीक वेलांटी.
'आला'ची 'आली', 'उभा'ची 'उभी',
'म्हणाला' म्हणून कुठं उरलाच नव्हता.
एवढ्या चिकाटीनं मी कधी हिशेबाची वही तपासली नाही.
फक्त एकशे एकाहत्तर पानावरची मिशी
तशीच ठेवलेली:
ती हसली, आणि तिनं मिशीला पीळ दिला.

मी एकोणीस वर्षांचा. दोन बायकांची गोष्ट.
माझ्यासाठी नव्हतीच ती.
तरी छावनीच्या पुलावर सायकल टेकवून
दिव्याखाली पुन्हा पहिल्यापासून वाचली.

गाणं विचाराल तर
गणेशोत्सवातलं, शाळेच्या पटांगणात,
धिप्पाड बुवा, आवाज म्हणजे गिरणीचा पट्टा,
आणि गात होते काय, तर
घरचे जागे आहेत, बांगड्या वाजतात,
मी जिना उतरू कशी.
पाऊण तास त्यांना उतरता आलं नाही.
सतरंजीवर बँकेतले, वीज मंडळातले, माझे वडील,
सगळे हात वर करून, वा, क्या बात है.
कोणी विचारलं नाही,
बुवा, खाली कोण उभं आहे?
घरी येताना वडील तीच ओळ घोळवत होते,
स्त्रीलिंगी,
आणि मी मागे डबलसीट,
त्यांच्या पाठीला कान लावून.

सिनेमे सगळेच पाहिले. दुपारचे, बाल्कनीत, एकटा.
नायिका नाचू लागली की मी तिच्या जागी,
खलनायिका आली की तिच्या टिकल्या मोजत.
आणि नायकाचा तो दोस्त,
जो दर वेळी मध्यंतरानंतर मरतो
नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून,
त्या तीन मिनिटांसाठी तिकीट काढायचो.
लोक तेव्हा लघवीला जायचे.

कपड्यांचं उशिरा कळलं, चाळिशीनंतर.
राजवाड्यामागच्या दुकानात, गादीवर,
माहेश्वरी, राखाडी, काठ जांभळा.
शेठ म्हणाला, किसके लिए?
म्हटलं, भाभीसाठी.
मला वहिनी नाही.
त्यानं ती उलटली, सुलटली, पुन्हा उलटली.
दोनों तरफ़ से पहन लो भैया,
इसमें उल्टा कुछ होता ही नहीं.
लोकेंद्र बाहेर स्कूटरवर बसला होता.
काचेतून त्याचं हसू दिसलं,
आवाज नाही.
आता ती गच्चीवरच्या खोलीत असते.
तो उपरण्यासारखी घेतो,
मला निऱ्या जमतात.
इस्त्री त्याच्याकडे,
माझ्या हातून काठ करपतो.

अजून त्या पुस्तकाचं राहिलं.
परत करायला गेलो तेव्हा टेबलावर मुळेबाई.
पुस्तकात खुणा करणाऱ्यास दोन रुपये दंड,
अशी पाटी, त्यांच्याच अक्षरातली.
त्यांनी पानं चाळली, मिशीपाशी थांबल्या,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, बाई, मी नाही केलं.
"ठाऊक आहे," म्हणाल्या.
मग आतल्या कपाटातून दुसरं काढलं,
तारखेचा शिक्का मारला, सरकवलं.
घरी येऊन उघडलं.
कोरं. एक रेघ नाही कुठं.
शेवटच्या पुठ्ठ्याच्या खिशात, कार्डामागं,
बोटभर पेन्सिल,
नुकतंच टोक काढलेली.